पद्माच्या जागी

मंगळवार, संध्याकाळ.

चहा दोनदा गरम केला, तरी तसाच राहिला. डोळ्यांसमोरून ती चमक जात नाही.

आज दुपारी सातवीच्या मूल्यशिक्षणाच्या तासाला मी म्हटलं, कुणाला हसण्याआधी त्याच्या जागी बसून बघा. मला म्हणायचं होतं, मनाने. पण रेणुका उठली आणि खरोखरच पद्माच्या बाकावर जाऊन बसली. वर्ग खिदळला. पद्मा फळ्यावरचं चुकीचं उतरवते आणि रेणुका तिची नक्कल करते, हे नेहमीचंच. पद्माच्या घरी तेलुगू बोलतात, म्हणून तिचं मराठी चुकतं, असं आम्ही शिक्षकांनी केव्हाच ठरवून टाकलंय.

रेणुका फळ्याकडे बघत राहिली. तिचं हसू मावळलं. "बाई, हितनं काईच दिसत न्हाय. नुस्तं चमकतंय."

मी जाऊन बसले. खिडकीतलं ऊन सरळ फळ्यावर येत होतं. माझंच अक्षर मला वाचता येईना. दिवाळीनंतर जागा बदलल्या, तेव्हापासून ही पोर तिथे बसते. आणि मी तिच्या वहीत लाल शाईने लिहिते, "लक्ष कुठे असतं?"

रेणुकाने आपलं दप्तर आणलं आणि कुणी न सांगता पद्माला स्वतःची जागा दिली. कौतुक करावं का? कुठल्या तोंडाने करणार?

तास संपल्यावर पद्माला विचारलं, "अगं, मला आधी सांगायचंस ना?"

ती गोंधळली. म्हणाली, "बाई, मला वाटलं, सगळ्यांनाच तसं दिसतंय की."