अर्जदाराच्या नावे शिल्लक तीस मिनिटे

दिनांक: २० मे २०२४

प्रति,
मा. श्री. आल्हाद किबे,
सभागृह प्रमुख,
शिप्रातट महाराष्ट्रीय मंडळ,
देवास गेटजवळ, उज्जैन.

अर्जदार: जयंत दत्तात्रय शितूत, निवृत्त मुख्य तिकीट निरीक्षक (रेल्वे), वय ६८, रा. फ्रीगंज, उज्जैन.

विषय: मंडळाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी चालणाऱ्या विनोदाच्या कार्यक्रमातील संशयास्पद बाबी, आणि त्यातून अर्जदाराच्या नावे शिल्लक पडलेली तीस मिनिटे.

संदर्भ: १) कार्यक्रमाची नोंदवही, दि. १३ एप्रिल ते १८ मे. २) संयोजक शैलेंद्र यांच्याशी जिन्यात झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

१. अर्जदाराने अडतीस वर्षे गाडीत तिकिटे तपासली आहेत. प्रवासी खिडकीबाहेर किती मन लावून पाहतो आहे, यावरून त्याच्याजवळ तिकीट नाही हे अर्जदार डब्याच्या दारातूनच ओळखत असे. तेव्हा पुढील मजकूर रिकाम्या पेन्शनराची कुरबुर समजून बाजूला सारू नये, ही पहिली विनंती.

२. अर्जदाराची पत्नी सौ. विजया (वय ६४) गेल्या मार्चपासून दर शनिवारी सायंकाळी पाच वाजता गीता पाठांतराच्या वर्गाला जाते असे सांगून घराबाहेर पडू लागली. वर्ग रामघाटाच्या बाजूला असल्याचे सांगण्यात आले. अर्जदारास संशय येण्याची कारणे अशी: ती चष्मा घरीच विसरून जात असे, आणि चष्म्याशिवाय तिला साधे लाइटचे बिल वाचता येत नाही. गीतेच्या पुस्तकातील खुणेची दोरी पाच आठवडे दुसऱ्या अध्यायातून हलली नाही. आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे ती घरी परतताना जिन्यात एकटीच हसत असे. पाठांतर करून आलेली व्यक्ती इतकी खुशीत असल्याचे अर्जदाराच्या पाहण्यात नाही.

३. दि. १३ एप्रिल रोजी अर्जदार तोंडाला मफलर गुंडाळून तिच्या मागे वीस पावले अंतर ठेवून निघाला. (त्या दिवशी पारा एक्केचाळीसवर होता. रस्त्यात दोन ओळखीच्यांनी तब्येतीची चौकशी केली. त्यांना हाताने पुढे जाण्यास सांगितले.) विजया रामघाटाकडे वळलीच नाही. ती देवास गेटला आली, आपल्या मंडळाच्या इमारतीत शिरली आणि जिना चढून वरच्या हॉलमध्ये गेली.

४. हॉलच्या दाराशी टेबल, टेबलावर वही, आणि वहीमागे मधुरा नावाची मुलगी. तिने अर्जदाराकडे न पाहताच पेन पुढे केले. दाराशी वही असेल तर सही केल्याशिवाय आत जायचे नाही, ही नोकरीतली सवय. शिवाय खोटे नाव लिहिणे अर्जदाराच्या तत्त्वात बसत नाही. त्यामुळे अर्जदाराने पूर्ण नाव, हुद्दा, येण्याची वेळ ५.२५, आणि 'हेतू: पाहणी' असे सुवाच्य अक्षरात लिहिले. ती वही भेट देणाऱ्यांची नसून मंचावर जाऊन विनोद सांगू इच्छिणाऱ्यांची आहे, असे तेथे कोठेही लिहिलेले नव्हते. मंडळाच्या निष्काळजीपणाची नोंद घ्यावी.

५. आत साठेक खुर्च्या, दोन पत्र्याचे कूलर, एक माइक. वहीत ज्याचे नाव असेल त्याला क्रमाने पाच मिनिटे मिळतात. पाचवे मिनिट संपले की मागून मोबाइलचा दिवा दाखवतात, आणि माइक बंद. तेथे कोणी औषधांचा विक्रेता होता, कोणी कोचिंग क्लासचा मास्तर. अपूर्वा नावाची बँकेतील मुलगी पासबुक छापण्याच्या यंत्रावर बोलली. लोक हसत होते. यांना हसण्यासाठी आणून बसवले असावे, असा अर्जदाराचा प्राथमिक अंदाज होता. तो खोडून काढणारा पुरावा पुढे येईल.

६. त्यानंतर माइकवरून 'विजया काकू' असा पुकारा झाला, आणि अर्जदाराची पत्नी मंचावर गेली. तिचे शब्द अर्जदाराच्या टिपणवहीतून जसेच्या तसे देत आहे:

"आमचे हे रेल्वेत टीसी होते. रिटायर झाले, पण ड्यूटी चालू आहे. मी पोळी वाढली की आधी उलटून मागची बाजू बघतात. दुपारी जरा डोळा लागला की खांदा हलवतात आणि विचारतात, 'कुठपर्यंत?'"

हॉल दणाणला. वस्तुस्थिती अशी की, पोळीची मागची बाजू १९८७ साली एकदा कच्ची निघाली होती, तेव्हापासून ती पाहिली जाते. आणि 'कुठपर्यंत' हे अर्जदार फक्त दोनदा, तेही अर्धवट झोपेत म्हणाला आहे. वस्तुस्थिती मांडण्याची संधी अर्जदारास देण्यात आली नाही.

७. वास्तविक ती देण्यात आली होती, हे नंतर कळले. कारण विजया खाली उतरताच शैलेंद्र यांनी वहीतून वाचले, "जयंत शितूत जी. निवृत्त मुख्य तिकीट निरीक्षक. हेतू, पाहणी. आए हैं क्या?" यावर लोक विजयाच्या वेळेपेक्षाही जास्त हसले. त्यात हसण्यासारखे काय होते हे अर्जदारास आजतागायत समजलेले नाही. अर्जदाराने मफलर आणखी वर ओढला. विजया पहिल्या रांगेत होती. तिने मागे वळून पाहिले नाही, यावरून तिचे लक्ष नव्हते असा निष्कर्ष अर्जदाराने काढला.

८. पाहणी अर्धवट सोडता येत नसल्याने अर्जदार पुढील पाचही शनिवारी हजर राहिला. दर वेळी सही केली. दर वेळी नाव पुकारले गेले. चौथ्या शनिवारी तर "आए हैं क्या?" असे विचारताच सारा हॉल एका सुरात ओरडला, "वेटिंग में हैं!" यामागे कोणाची फूस आहे, याची चौकशी व्हावी.

९. याच काळात शेवटच्या रांगेत अर्जदाराच्या शेजारी एक तरुणी वही घेऊन बसू लागली. ती कोण किती हसवते याच्या खुणा करी. अर्जदाराने तिला तीन आठवडे नजरेखाली ठेवले. अखेर तिनेच विचारले, "अंकल, तुम्ही पण नवे लोक शोधायला आलात का?" तिचे नाव श्रुती. ती इंदूरच्या एका कॉमेडी क्लबसाठी गावोगावच्या अशा बैठकांतून नवे विनोदी कलाकार हेरते. तिच्या वहीत विजयाच्या नावापुढे तीन चांदण्या होत्या. ८ जूनला इंदूरला वीस मिनिटे देण्याचे तिने विजयाशी परस्पर ठरवूनही टाकले आहे. "काकूंमध्ये दम आहे," ती म्हणाली, "आणि तो नवरा काय रचलाय हो! असा माणूस खरा कुठे असतो? पक्का कॅरॅक्टर है."

महोदय, अर्जदार रचलेला नाही. यासोबत हयातीचा दाखला जोडला आहे.

१०. आता मूळ मुद्दा. तिसऱ्या शनिवारी विजया म्हणाली, "आमच्या घरात दिवसाला चार वाक्यं होतात. चहा झाला? दूध आलं? दार लावलं? आणि चौथं सुट्टीवर आहे." लोक हसले. अर्जदाराने रविवारी घरी मोजणी केली. तीनच भरली. सोमवारीही तीनच. मंगळवारी अर्जदाराने प्रयत्नपूर्वक "आज ऊन फार आहे" असे वाक्य उच्चारले. विजयाने "हो" म्हटले आणि बराच वेळ अर्जदाराकडे पाहत राहिली. अर्जदार उठून दार लागले आहे का ते पाहून आला. ते वाईट वाटले, आणि अजूनही वाटते.

११. पाचव्या शनिवारी तिने आमच्या लग्नाची गोष्ट सांगितली. तिचे वडील अर्जदाराला पाहायला उज्जैन स्टेशनवर आले होते, त्यांच्याकडे प्लॅटफॉर्म तिकीट नव्हते, आणि अर्जदाराने नियमाप्रमाणे पावती फाडली. "बाबा घरी येऊन म्हणाले, मुलगा प्रामाणिक आहे, पण तू विचार कर. मी विचार करते म्हटलं. एक्केचाळीस वर्षं झाली. अजून चालू आहे."

येथे अर्जदाराच्या तोंडून एक मोठा आवाज निघाला. तो हसण्याचा होता. तेव्हा मुद्दा क्र. ५ मधील संशय अर्जदार मागे घेत आहे. अर्जदाराला कोणीही आणून बसवले नव्हते.

१२. परवा, दि. १८ मे रोजी, विजया मंचावर आली आणि तिने माइक हातात घेतला. मग म्हणाली, "ते शेवटच्या रांगेत मफलरवाले दिसतात ना, तेच आमचे हे. सहा शनिवार झाले येताहेत. ह्यांना वाटतं, मला कळलं नाही. अहो, ह्यांचा खोकला मी अख्ख्या प्लॅटफॉर्मवर ओळखेन. मी रोज वाट बघते की घरी आल्यावर विचारतील, कुठे गेली होतीस. विचारतच नाहीत. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की मी इथं येते ते ह्यांची गंमत करायला नाही. मी इथं येते कारण..."

आणि मागून दिवा लागला. विजया नियमाची पक्की आहे. अर्जदाराबरोबर संसार केल्याचा तो परिणाम. तिने "वेळ झाली" म्हणून माइक जागेवर ठेवला आणि खाली उतरली. तेवढ्यात अर्जदाराचे नाव पुकारले गेले. साठ माणसे मागे वळून पाहत होती. अर्जदार उठला नाही. उठायला हवे होते.

१३. 'कारण' या शब्दानंतर काय होते, हे अर्जदारास अद्याप माहीत नाही. आपण म्हणाल, घरी विचारावे. अर्जदार दोन दिवसांत तीन वेळा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि तिन्ही वेळा "दूध आलं?" एवढे विचारून परत आला. अर्जदाराने जन्मभर जे विचारले ते तपासणीसारखे विचारले. आता साधे विचारायला गेले तरी आवाज तोच लागतो. दुसरे म्हणजे अर्जदाराला भीती वाटते. उत्तर अर्जदाराच्या विरुद्ध असू शकते. तरीही ते इंदूरच्या लोकांनी ८ जूनला आधी ऐकावे आणि अर्जदाराने नंतर कोणाकडून तरी, हे अर्जदारास सहन होणार नाही.

१४. शैलेंद्र यांना जिन्यात गाठले असता ते म्हणाले, "अंकल, पांच मिनट मतलब पांच मिनट. नियम मंडळाचा आहे. आल्हादजींना लिहून द्या." म्हणून हा अर्ज. जिन्यातील फलकावर भजनी मंडळांसाठी लिहिलेला नियम क्र. ११ अर्जदाराने वाचला: नाव नोंदवलेल्या व्यक्तीस आपला वेळ दोघांच्या लेखी संमतीने दुसऱ्यास देता येतो. अर्जदाराने सहा शनिवार नाव नोंदवले आणि एकही मिनिट वापरले नाही. सहा पंचे तीस. शिल्लक पुढील आठवड्यात नेता येणार नाही, असे नियमात कोठेही म्हटलेले नाही. रेल्वेत शिल्लक रजेचा हिशेब असाच होत असे.

सबब विनंती की, सदर तीस मिनिटे शनिवार दि. २५ मे रोजी सौ. विजया शितूत यांच्या नावे वर्ग करावीत. तीस देणे अशक्य असल्यास पाच द्यावीत. पाचही अशक्य असल्यास एकच द्यावे, एका वाक्याला तेवढे पुरेल. त्या वेळात मागून कोणीही दिवा दाखवू नये. सुरुवातीस हा कार्यक्रम बंद पाडण्याबाबत अर्ज करण्याचा विचार होता. तो कच्चा मसुदा फाडून टाकण्यात आला आहे.

नियमानुसार दुसऱ्या व्यक्तीची संमती लागते. त्यासाठी खाली जागा सोडली आहे. मंडळात दाखल करण्यापूर्वी हा अर्ज उद्या सकाळी चहाच्या कपाखाली ठेवण्यात येईल. चष्मा शेजारी ठेवण्यात येईल.

आपला नम्र आणि हयात,
(सही)
जयंत दत्तात्रय शितूत

सोबत:
१. हयातीचा दाखला, साक्षांकित प्रत.
२. टिपणवहीतील सहा पाने.
३. जिन्यातील फलकाचे छायाचित्र.

संमती (वेळ घेणाऱ्या व्यक्तीने स्वहस्ते लिहावी):

वाचलं. संमती आहे. पाच मिनिटं पुरतील. मफलर धुवायला टाकला आहे, पहिल्या रांगेत बसा.
— विजया