मूर्तिजापूरला ठरणारे फ्लॅग

रवि., ५ जाने.
मूर्तिजापूर. मुक्ता अकोल्याहून आली, मी अमरावतीहून. फलाटावरचा नेहमीचा बाक. फोनवर आम्ही भांडतो आणि दोघंही एकच फाईल बदलून ठेवतो, म्हणून हे काम देणाऱ्या सरांचा नियम: फ्लॅग समोरासमोर बसून ठरवायचे, दोघांच्या होकाराशिवाय काही पक्कं नाही.

ठरलं: शेतातल्या पंपाच्या पेटीत आमची सिस्टम चालेल. मोटर, व्हॉल्व्ह, टाकी, प्रत्येक एक ऑब्जेक्ट. त्याच्या प्रत्येक गुणधर्माला तीन फ्लॅग, म्हणजे हो-नाहीच्या खुणा. वाचता येतो का, बदलता येतो का, लाईट गेल्यावर टिकतो का.

राहिलं: प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं फ्लॅग दिलाच नाही तर? मी म्हणतो, 'नाही' धरावं. सुरक्षित. मु. म्हणते, सिस्टमनं तो प्रोग्रॅम घ्यायचाच नाही, लिहिणाऱ्याला विचारायला परत पाठवायचा.
"विसरला असंल तो. त्याच्या मनातलं तू काहून ठरवून राहिला?"
"मोटर जळण्यापेक्षा बरं."
"भेकड हायस लेका."

गाडी दिसल्यावर तिनंच आमच्या लग्नाचा विषय काढला. तिला पुण्याचं स्थळ आलंय. "तुह्या घरून कोनाले तरी पाठव. माहे बाबा सोताहून नाई येनार."
हो म्हणालो. गाडीत जागा असून उभाच राहिलो. आनंदानंच.

मंगळ., ७ जाने.
आबांना सांगितलं, वडील म्हणून मुक्ताकडे त्यांनीच जायचं. मेथीच्या जुड्या बांधत होते. मान वर केली नाही.
"पोरीकडचे आधी येतात. आपन गेलो तं लोक म्हनतीन, पोट्ट्यात काही खोट हाय."
आई म्हणाली, "डिप्लोमा अर्धा सोडला, थे खोट नाई तं काय हाय?"
आबा हसले. मीही हसलो. विषय तिथेच राहिला.

रवि., १२ जाने.
बाक. 'टिकतो' फ्लॅगवर एकमत: लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू होऊ नये, तारेला कोणाचा हात लागलेला असू शकतो. मु.चा मुद्दा. मला सुचायला हवा होता.

मग म्हणाली, "मी बाबाले सांगून ठेवलं होतं, पाव्हने येतीन म्हनून. आठवडाभर रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून वसरीत बसून राहिले थे."
"आबांना जरा वेळ..."
"मी म्हटलं, कामं निघाली असतीन त्यायची. आता काय सांगू?"
फाईल उघडून बसलो. तिनं ती बंद केली.

बुध., १५ जाने.
आबांना पुन्हा. आज आवाज चढला, माझा.
"त्यायची काळी जमीन, आपन भाजी इकतो. त्यायनं नाई म्हटलं तं बजारात तोंड कोन दाखवनार? तू?"
आबा हट्टी नाहीत. घाबरतात. माझ्यासारखेच. हे कळल्यावर रागावताही येईना.
एकटा जाईन म्हणालो. "जाय," म्हणाले.

शनि., १८ जाने.
अकोला. इस्त्रीचा शर्ट, पेढे. न कळवता जाणं बरं दिसणार नाही म्हणून मु.च्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून तिला फोन केला.
"आज नको येऊ," हळू आवाजात. "पाव्हने बसले हायेत."
पुण्याचे.
"उद्या?"
तिला आतून हाक आली. फोन बंद.
पेढे परत आणले. आईनं काही न विचारता देवापुढे ठेवले.

रवि., १९ जाने.
मूर्तिजापूरला गेलो. आली नाही. अकोल्याकडून येणाऱ्या दोन गाड्या पाहिल्या, तिसरीला थांबलो नाही. थांबायला हवं होतं का...

गुरु., २३ जाने.
सरांकडून कळलं. मु.चं साक्षगंध ठरलं, पुढच्या शनिवारी साखरपुडा. लग्नानंतर पुण्यातून काम करेल. "तुम्हा दोघांचं जमतं छान, कामाला अडचण नाही यायची," सर म्हणाले. खूश होते.

रवि., २ फेब्रु.
काल साक्षगंध झालं. आज तिनं फ्लॅगचा मसुदा तपासून पाठवला. प्रत्येक कलमाखाली 'चालेल'. फ्लॅग दिला नसेल तर 'नाही' धरावं, हे माझं कलम, तिथेही 'चालेल'.
मु.नं आजवर एकदाही 'चालेल' लिहिलं नव्हतं. स्वल्पविरामावरून भांडायची.
सरांचा निरोप: दोघांचा होकार आलाय, आता भेटायची गरज नाही, पक्कं करून टाक.

केलं नाही. माझ्याच कलमाखाली माझी हरकत लिहिली: 'न दिलेल्या फ्लॅगला नकार धरणं चूक आहे. परत पाठवून विचारायला हवं. हे मला आधी पटलं नव्हतं. समोर बसून बोलावं लागेल.' चार वेळा वाचलं, पाठवलं.

तिनं उघडून वाचल्याचं दिसतंय. उत्तर लिहिते आहे असं दाखवतं, मग थांबतं.