माझं नाव कुणालाही देऊ नये

हे लिहायचं मी उन्हाळ्यापासून टाळत आलो. आधी शेटलंडला गेलो म्हणून, मग मासळीच्या मागे यार्मथला गेलो म्हणून. आता संध्याकाळच्या भरतीला बोट सुटतेय, तेव्हा लिहितोच.

मी गॅविन काउई, गावात 'वारा' म्हणून ओळखला जाणारा, राहणार पोर्ट आर्डन, डोकं ठिकाणावर असताना, न पिता, कुणी भरीस न घालता लिहून ठेवतो की माझ्यामागे असं व्हावं.

एक. जाळं विणायची हाडाची सुई शेजारच्या बेथियाकाकूला. तिनंच मला शिकवलं, आणि धड मी कधीच विणलं नाही.

दोन. बूट वॅटला. बोट त्याची, बुटांवर डोळाही त्याचाच. उजवा गळतो, हे त्याला आधी सांगू नये.

तीन. आजी एल्स्पेटला तिची वंशावळ, मी जमवली तेवढी. तिला थडग्याचा दगड जिवंतपणीच कोरून हवा, त्यावर माहेरची माणसं. तिचं माहेर काउई, सासरही काउई. चर्चच्या नोंदींत 'गॅविन काउई, बुडाला' असं तीनदा आलं, तेव्हा मी हसलो. आमच्याकडे एकेका नावाचे दहा पुरुष, म्हणून हाक टोपणनावानं. पण पाद्री टोपणनाव लिहीत नाहीत. वाटलं, एकच माणूस तीनदा बुडवलाय. निघाले तिचे काका, भाऊ आणि मुलगा. एक बुडाला की घरात पुढे जो मुलगा होईल, त्याला तेच नाव. चौथा मी.

आजीला विचारलं. मासा चिरता चिरता ती म्हणाली, "नाव रिकामं ठेवू नये, गॅवी. समुद्र विचारत येतो."

मग मी बाकीच्या नोंदी पाहिल्याच नाहीत.

चार, आणि खरं कलम हेच. बहीण जीन हिला मार्चमध्ये मूल व्हायचंय. मुलगा झाला तर माझं नाव त्याला देऊ नये. घर, जमीन माझ्यापाशी नाही. हे नाव तेवढं माझं, आणि ते मी कुणालाही देत नाही.

मग जातोस कशाला, असं काकू विचारते. वॅटला एक माणूस कमी पडतोय, म्हणून.

सही: गॅविन काउई
साक्षीदार: बेथिया स्लेटर, वॅट स्मिथ ऊर्फ 'बगळा' (घोटाळा नको म्हणून)
पोर्ट आर्डन, १४ जानेवारी १९०९

सह्यांनंतर: घरी गेलेली काकू धावत परत आलीय. जीनला दिवस भरण्याआधीच मुलगा झाला. पोर अशक्त, म्हणून पाद्र्यांना बोलावून लगेच नाव ठेवलं. कुठलं, मी विचारलं.

"तुझंच," काकू म्हणाली. "आजी म्हणाली, तू निघालाच आहेस."