लंगडी ओळ

दि. ११ फेब्रुवारी

ती. अक्कास,

धाकट्याचा नमस्कार. प्लास्टरच्या आत अजून खाजतं का? विणायची सुई घालून खाजवतेस, असं भाची सांगत होती. नको करूस.

इकडे मी बरा आहे. दाढ काढली. खिडकीखालचं झाड पुन्हा पालवलंय. ते पाहिलं की शाळेतून येतानाचा रस्ता आठवतो. तू टाळ्या वाजवत कविता म्हणायला लावायचीस आणि मात्रा चुकली की टपली! "लंगडली रे ओळ, कविराज!" कवितेचा कान मला तूच दिलास. त्या कानाचंच आज सांगायचंय, म्हणून तर दाढ आणि झाड लिहीत बसलोय.

परवा फोनवर चाकांच्या खुर्चीतून पडल्याचा विषय निघाला तर हसत म्हणालीस, "खुर्चीचा काय दोष, मीच जाड झालेय." आणि वर, "दुरुस्तीला टाकली तेव्हा त्यांच्या भिंतीवर प्रमाणपत्र पाहिलं. म्हटलं, आमच्या कविराजानं तपासलेला कारखाना, डोळे मिटून टाका." मी "हो हो" म्हणत फोन ठेवला.

अक्का, ते प्रमाणपत्र तुझ्या खुर्चीला लागूच नव्हतं.

कारखान्याची गुणवत्ता तपासायची तर आम्ही आधी कुंपण आखतो. कोणती कामं आत, कोणती बाहेर, जागा किती, माणसं किती. त्याला आमच्यात व्याप्ती म्हणतात. ती एका वाक्यात प्रमाणपत्रावर छापली जाते. कुंपणाबाहेरचं आम्ही बघत नाही. पण गिऱ्हाईक ज्यावर भरवसा ठेवणार, ते काम सोयीसाठी बाहेर ठेवता येत नाही. नव्या पोरांना हे मीच शिकवतो.

मालक म्हणाला, दुरुस्ती हे किरकोळ काम आहे, मागच्या शेडमध्ये दोघं करतात, ते कशाला मोजता.

नाही. हे खोटं लिहिलं. खोडत नाही, तुझ्या नजरेखालून जाऊ दे.

मालकाने अर्जात दुरुस्ती लिहिली होती. किरकोळ मी म्हणालो. मला वाक्य सुचलं होतं: 'चाकांच्या खुर्च्यांची निर्मिती, जुळणी, विक्री.' तिन्हींच्या शेवटी ई, कसं ठेक्यात! पुढे नियमाप्रमाणे अख्खं 'आणि जुन्या खुर्च्यांची दुरुस्ती' जोडलं की ओळ लंगडायची. बिचारा विचारत होता, "साहेब, दुरुस्ती राहिली का?" मी म्हणालो, "राहू द्या, वाक्य आटोपशीर बरं." तपासणी लवकर आटोपणार म्हणून तोही खूश झाला. शेडच्या दारापर्यंत गेलो होतो मी. एकजण चाकाचा नट हाताच्या अंदाजाने आवळत होता. पाहिलं आणि मागे फिरलो. कुंपणाबाहेरचं ना!

तुझं चाक त्याच शेडमधून आलं आणि तुझ्याच दारापुढच्या उतारावर निखळलं.

काल प्रमाणपत्र देणाऱ्या आमच्या संस्थेला सगळं कळवलं. दुरुस्तीची तपासणी होईपर्यंत प्रमाणपत्र स्थगित आहे. ती दुसरा कुणी करेल, मला घरी बसायला सांगितलंय. मालकाला फोन केला. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाला, "साहेब, आम्ही तर लिहिलं होतं."

सत्तरी उलटली, अक्का, आणि अजून मला टाळी मिळेल अशी ओळ हवी असते. एक मनगट त्यात गेलं, तेही तुझं.

संस्थेकडे नवं वाक्य पाठवलंय: 'चाकांच्या खुर्च्यांची निर्मिती, जुळणी, विक्री आणि जुन्या खुर्च्यांची दुरुस्ती.' लंगडतंय. टाळी वाजवून बघ.

लिहून गेलो आणि मग आठवलं, तुला टाळी वाजवता येत नाही.

प्लास्टर निघालं की पहिली टपली माझी. तोवर डोकं खाली घालून,

तुझा धाकटा
(कविराज म्हणू नकोस)