सहावी ते आठवीचा आधारस्तंभ

३ जुलै
मुख्याध्यापिकांनी केबिनमध्ये बोलावलं. सहावी ते आठवीसाठी समुपदेशक नेमायचाय म्हणाल्या. भूगोलाचे तास सगळ्यांत कमी, म्हणून मी. खरं कारण अर्थात वेगळं. मुलांना माझ्याबद्दल असलेला जिव्हाळा. तोंडावर कौतुक करायला बाईंना संकोच वाटला असावा.
या वयाची मुलं म्हणजे धड लहान नाहीत, धड मोठी नाहीत. समजून घेणारं कोणीतरी हवं होतं. मिळालं.

४ जुलै
जिन्याशेजारची नकाशांची खोली मिळाली. दारावर पाटी लावली : 'मन मोकळं करा. वेळ : मधली सुट्टी.'

८ जुलै
कोणी आलं नाही. या वयात मुलं भिडस्त असतात.
बाहेर जिन्यापाशी शिपाई मावशींच्या स्टुलाभोवती मात्र ही गर्दी! त्या खोक्यात खडू लावत बसतात आणि नुसतं 'हं, हं' करतात. याला समुपदेशन म्हणत नाहीत.

१५ जुलै
पहिली केस! आठवीतल्या दोघी आत आल्या, दार लावून घेतलं. मी पाणी दिलं. म्हटलं, सावकाश बोला. त्या म्हणाल्या, सर, आमचा बॉल इकडे आलाय का?
बॉल हे निमित्त. परत येतील.

२२ जुलै
सातवी 'ब'मधली चष्मेवाली. जिवलग मैत्रीण दुसऱ्या ग्रुपमध्ये गेली, तेव्हापासून ही लॅबच्या पायरीवर एकटीच डबा खाते. हे मी हेरलं. (सांगितलं मावशींनी. पण आज ना उद्या माझं लक्ष गेलंच असतं.) मावशी म्हणाल्या, सर, तिला काही विचारू नका, नुसते जवळपास असा.
भावना चांगली. पद्धत अशास्त्रीय.

२३ जुलै
सातवी 'ब'मध्ये व्याख्यान : 'एकटेपणा – कारणे व उपाय'. नाव कोणाचंही घेतलं नाही. फक्त तिसऱ्या बाकाकडे बोट केलं. विचारलं, हिच्यासोबत डबा कोण खाईल? अख्ख्या वर्गाचे हात वर! मला भरून आलं. चष्मेवालीलाही आलं असावं, तास संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

२४ जुलै
चष्मेवाली गैरहजर. मन हलकं झालं की झोप लागते.

२५ जुलै
गैरहजर. दोन दिवस म्हणजे जरा जास्तच झोप.

२६ जुलै
तिची आई आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, पोरगी खोलीबाहेर येत नाही, शाळेचं नाव काढलं की रडते. मी समजावलं, उपचारात सुरुवातीला त्रास वाढतो. ती म्हणाली, मग तुम्ही उपचार थांबवा.
घरी बायकोने विचारलं, बिनसलंय का काही? म्हटलं, छे. जेवण गेलं नाही. भाजी तिखट होती.
बायको म्हणते, नव्हती.

२९ जुलै
शनिवारी मावशी तिच्या घरी जाऊन आल्या म्हणे. आज ती शाळेत. स्टुलाशेजारी बसून रंगांप्रमाणे खडू लावत होती. सहावीतल्या दोघी येऊन मदतीला बसल्या. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. एकदा ती हसली.
पाया मीच घातला होता. तरी तिला दिसू नये म्हणून नकाशांच्या आडून पाहिलं.

२ ऑगस्ट
मधल्या सुट्टीत मावशींकडे गेलो. हेतू : त्यांना प्राथमिक मार्गदर्शन. मुद्दे लिहून नेले होते. पुढे चार मुली होत्या, थांबलो. चष्मेवालीने माझ्याकडे पाहिलं आणि जरा सरकून जिन्याच्या पायरीवर जागा केली. बसलो.
माझी पाळी आली. मावशींनी विचारलं, काय झालं, सर?
कागद उघडला. मुद्दा क्रमांक एक वाचताच येईना. म्हणालो, मावशी, त्या दिवशी वर्गात माझं चुकलं. चष्मेवाली खडूच लावत राहिली. मावशी म्हणाल्या, हं.
पुढचं सांगणार, तोच त्या घंटा द्यायला उठल्या. जाता जाता म्हणाल्या, उद्या जरा लवकर या, सर. उशिरा येणाऱ्यांचं राहून जातं.
उद्यापासून मधल्या सुट्टीआधीचा तास पाच मिनिटं लवकर सोडणार.