बारीक झालात!

४ नोव्हेंबर
शाळेच्या मोठ्या बाई गेल्या — कायमच्या! मी काय वावगं बोललो? "बाई, यंदा जाड झालात, दोन इंच सोडावे लागतील." टेपही तेच सांगत होती. कापड उचललं नि चालत्या झाल्या. आमची ही आतून म्हणाली, चाळीस वर्षं कापड बेतताय, जीभ कधी बेतणार?

५ नोव्हेंबर
रद्दीतून घेतलेला शब्दकोश काढला. जाड म्हणजे स्थूल, लठ्ठ. राग कुठेच लिहिलेला नाही.

९ नोव्हेंबर
हिने शिकवलेली युक्ती लागू पडली. गिऱ्हाईक दारात आलं की म्हणायचं, "बारीक झालात!" पोस्टातल्या बाई लाजल्या, दोन झगे शिवायला टाकून गेल्या. माप वाढलं होतं — वहीत गुपचूप लिहिलं.
ही म्हणते, परक्यांना मध, आणि मला म्हातारी! कोशात पाहिलं : वय झालेली बाई. बस्स. पण एक दिवस तशी हाक मारली नाही, तर हिलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. भाजीवाला एकदा म्हणाला, तर महिनाभर त्याची भाजी बंद!

१२ नोव्हेंबर
हिचा कोट आत घ्यायचा राहिलाय. सैल होतो म्हणते. हिचं जेवणही चिमणीएवढं झालंय. विचारलं तर, "भूक नाही हो." उद्या कोट नक्की.

१३ नोव्हेंबर
नाही झालं. गिऱ्हाइकं!

१६ नोव्हेंबर
अखेर हिचं माप घेतलं. छाती चार इंच कमी, कंबर पाच. पुन्हा टेप लावली. तेच. ही हात पसरून उभी. "काय, बारीक झाले ना?"
आठवडाभर दारात बसून गिऱ्हाइकांना वाटलेला शब्द — तोंडातून फुटेना. म्हटलं, टेप जुनी, ताणली गेलीय.
ती अंघोळीला गेल्यावर तिचे झगे उलटे करून पाहिले. प्रत्येकाला आतून हातशिलाई. एकाला तर तीन ओळी, एकीच्या आत एक. बारके, सुबक टाके — मीच शिकवलेले. कोटाचं कापड सुईला दाद देईना, म्हणून तेवढा माझ्याकडे आला. उन्हाळ्यापासून ही एकेक झगा आत घेत होती, आणि शिंपी मी!

१७ नोव्हेंबर
दुकान बंद. दवाखाना. नंबर पुकारला तरी तिला उठवेना. हात धरून म्हटलं, "चल, म्हातारे." उठली.