तिकडे विचारा

१४ मे
पुन्हा ब्रसेल्स, पुन्हा ती परिषद! दहशतवाद कसा रोखावा, पोरं का बिघडतात – सगळ्या युरोपचे साहेब गोळा. आणि मी त्यांची नेहमीची आई. माझा सुफियान सीरियात कसा गेला, कसा मेला, ते मी सांगायचं, त्यांनी डोळे पुसायचे आणि टाळ्या वाजवायच्या. माझा रोजा, तरी समोर सँडविच ठेवलं. "डुकराचं नाही हं, मॅडम!" केवढे उपकार!

निघताना लहसन म्हणाला होता, "टाळ्या आणायला चाललीस की नात?" नवऱ्याचं बोलणं झोंबलं, कारण खरं होतं.

सफा चार वर्षांची. आई-बाप दोघंही गेले. कुठल्याशा छावणीत, कुणा परक्या बाईच्या तंबूत असेल. नेमकी कुठे विचारलं की साहेब म्हणतात, "माहिती नाही." आमचं बेल्जियमचं परराष्ट्र कार्यालय म्हणतं, आई फ्रेंच, फ्रान्सने तिला मागितलंय, तिकडे विचारा.

आणि आज माझ्या शेजारी बसवलं कुणाला? जोझियानला! फ्रान्समधल्या रूबेहून आलेली. सुनेची, एलोडीची आई, म्हणजे माझी विहीण. हिच्याच पोरीने माझ्या मुलाला पळवलं. मी मान फिरवली.

१५ मे
मधल्या सुट्टीत तीच आली. "तुमच्या मुलाने माझी पोर नेली." म्हटलं, "तिकिटं तुमच्या पोरीने काढली!" चांगलीच जुंपली. मग रडायला लागली. "आता सफाला तरी सोडा, यामिना. तुम्ही तिला मागितलंय म्हणून आमचे लोक हात लावत नाहीत. बाप बेल्जियन, तिकडे विचारा म्हणतात."

मी मागितलंय? मी? मला तर सांगतात, फ्रान्सने मागितलंय!

दोघींचं भांडण, साहेबांचा लाभ! आत माइकवर कुणीतरी सांगत होता, आमच्या सहकार्याला सीमा नाही. मी दारातूनच ओरडले, "मग एक पोर आणून दाखवा!" या वेळी टाळ्या नाहीत.

१९ मे
जोझियानचा रोज फोन. आज तान्ह्या सफाचा फोटो पाठवला, एलोडीने कधीतरी धाडलेला. सुपाएवढे कान! थेट सुफियान. जोझियान म्हणाली, "नाक मात्र आमचं." म्हटलं, "नाक घ्या. कान आमचे." हसलो. मग दोघींनाही रडू आवरेना.

२० मे
इफ्तारचं सूप, हरिरा, करपलं. लहसन तरी दोन वाट्या प्यायला.

२२ मे
सकाळी दारात पोलीस. रोज फ्रान्सला फोन कशाला? ती बाई कोण? म्हटलं, "विहीण." ते जातात तोच जोझियानचा फोन – तिच्याकडेही, त्याच वेळी! म्हणजे जमतं की यांना! नातीसाठी वर्षानुवर्षं टोलवाटोलवी, आणि दोन म्हाताऱ्या बोलल्या तर आठवड्यात दोन्ही देश एक!

२३ मे
परत आले. तरुण अधिकाऱ्याने टेबलावर एक फोटो ठेवला. फ्रेंचांनी पाठवलाय म्हणे. चिखल, तंबू, एक मुलगी. खाली छावणीचं नाव आणि गेल्या वर्षीची तारीख.

"हिला ओळखता?"

ते कान.

"ओळखते," मी म्हटलं. "तुम्ही कधीपासून ओळखता?"